जुन्या पिकअपला ऑईल कोणतं, फिल्टर कधी? सोयाबीनचा हंगाम लागण्याआधी वाचा

वाशिम : सोयाबीन सोंगणीला आली की आपल्या जिल्ह्यात पिकअपला एक दिवसाची उसंत नसते. सकाळी वावरात मजूर आणि थ्रेशरचं सामान, दुपारी कट्टे भरणं, रात्री बाजार समितीच्या गेटवर रांग. यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या आहेत. कोणी अकोल्याहून सेकंडहँड आणलेली, कोणी नांदेडहून. मीटरवर दोन-अडीच लाख किलोमीटर झालेले, आणि मीटर बंद असेल तर तेही माहीत नाही.

अशी गाडी हंगामाच्या मधोमध बसली तर काय होतं हे गाडीमालकाला सांगावं लागत नाही. भाडं जातं, हप्ता थांबत नाही, आणि इंजिन खोलायची वेळ आली तर हंगामाची कमाई गॅरेजला द्यावी लागते. ज्याचा माल उचलायचा होता त्याचा ढीग वावरात उघडा पडतो आणि वर परतीचा पाऊस. म्हणून ऑईल आणि फिल्टर हा विषय दिसतो तेवढा लहान नाही.

स्पेअर पार्टच्या दुकानात प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, चांगलं ऑईल कोणतं?" आधी थोडक्यात उत्तर. गाडीच्या बुकात लिहिलेल्या ग्रेडचं, खात्रीच्या दुकानातलं आणि वेळेवर बदललेलं ऑईल, मग कंपनी कोणतीही नावाजलेली असो. पण आपल्या भागात जुनं इंजिन धुळीनं लवकर संपतं, आणि धूळ अडवायचं पहिलं काम एअर फिल्टरचं आहे. महाग ऑईल टाकून फाटका एअर फिल्टर चालवणं म्हणजे विहिरीला मोटर नवी आणि पाईप फुटका.

डब्यावरचे आकडे काय सांगतात

डब्यावर १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑईल किती पातळ राहतं ते सांगतो. १५डब्ल्यू ऑईल उणे २० अंशांतही इंजिन फिरू देईल अशा परीक्षेत उतरलेलं असतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या आसपास जातो, त्यामुळे या पहिल्या आकड्याची आपल्याला फार चिंता नाही.

दुसरा आकडा महत्त्वाचा. इंजिन तापल्यावर, १०० अंशांवर ऑईल किती जाड राहतं ते तो सांगतो. ३० म्हणजे पातळ, ४० मध्यम, ५० घट्ट. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ च्या वर, मागं दीड टन माल आणि समोर पातूरचा घाट असेल तेव्हा याच आकड्याची परीक्षा असते. जुन्या डिझेल पिकअपला बहुतेक ठिकाणी १५डब्ल्यू-४० चालतं. पण शेवटचा शब्द गाडीच्या बुकाचा.

सेकंडहँड गाडीसोबत बुक मिळालं नसेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर चेसिस नंबर सांगा. ऑईलचा ग्रेड, किती लिटर लागतं आणि फिल्टरचा पार्ट नंबर, तिन्ही लिहून घ्या. तो कागद आरसीसोबत ठेवा.

दुसरा शिक्का : सीएफ-४, सीएच-४, सीआय-४

आकड्यांखाली एपीआय असं लिहून पुढं अक्षरं असतात. एपीआय ही अमेरिकेची पेट्रोलियम संस्था आहे, ऑईलचा दर्जा ती ठरवते. 'सी'नं सुरू होणारा दर्जा डिझेल इंजिनचा, 'एस'नं सुरू होणारा पेट्रोलचा. डिझेलमध्ये सीएफ-४ हा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा आणि सीके-४ हा २०१६ चा दर्जा. जितका नवा, तितकी काजळी सांभाळायची आणि झीज रोखायची ताकद जास्त. बुकात सीएच-४ लिहिलं असेल तर त्याच जाडीचं सीआय-४ प्लस टाकता येतं. उलटं करू नका, म्हणजे सीआय-४ सांगितलं आणि स्वस्त मिळतं म्हणून सीएफ-४ टाकलं, असं नको.

गाडी कोणत्या नियमाची आहे तेही आरसीवर बघून घ्या. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्याआधीची बहुतेक पिकअप बीएस-३. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असेल तर तिला कमी राखेचं ऑईल लागतं. जुन्या गाडीसाठी आणलेल्या डब्यातलं उरलेलं ऑईल तिच्यात ओतू नका, जाळी चोक होते आणि ती फार महाग पडते.

सिंथेटिक घ्यावं का, असंही विचारतात. सिंथेटिक चांगलं असतंच. पण जुन्या साध्या डिझेल इंजिनला योग्य ग्रेडचं मिनरल ऑईल वेळेवर बदललेलं बरं. 'महाग टाकलंय' म्हणून दुप्पट चालवलेल्या सिंथेटिकपेक्षा ते इंजिनला जास्त मानवतं. अमेरिकेत ७५ हजार मैल, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार किलोमीटर झालेल्या गाड्यांसाठी 'हाय मायलेज' नावाचं वेगळं ऑईल मिळतं. त्यात रबरी सील मऊ ठेवणारी द्रव्यं असतात. ते मुख्यतः तिथल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे, आपल्या डिझेल पिकअपसाठी ते शोधत फिरायची गरज नाही.

घट्ट ऑईल टाकलं की आवाज बंद होतो, मग?

जुन्या गाडीत हा उपाय सगळ्यात जास्त केला जातो. इंजिन आवाज करतं, धूर मारतं, ऑईल खातं. मग कोणी सांगतो ५० नंबर टाक, कोणी वरून घट्ट करायचं औषध ओतायला लावतो. आवाज खरंच कमी होतो. पण झिजलेल्या रिंगा तशाच झिजलेल्या राहतात, फक्त ऐकू येणं बंद होतं.

घट्ट ऑईलचा दुसरा तोटा टर्बोला. अडीच लिटरच्या बोलेरो पिकअपसारख्या टर्बो गाडीत टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात फिरतो आणि ऑईलच्या पातळ थरावर टिकून असतो. सकाळी पहिल्या स्टार्टला घट्ट ऑईल तिथं उशिरा पोहोचतं. तेवढ्यात कोणी जोरात रेस केली तर शाफ्ट कोरडा घासतो. म्हणून स्टार्ट केल्यावर अर्धा-एक मिनिट गाडी हळू चालू द्या. घाट चढून किंवा लांबून भरून आल्यावर बंद करण्याआधीही एक मिनिट थांबा.

टाटा एससारख्या लहान, बिनटर्बोच्या जुन्या डिझेल गाडीत बुकानं परवानगी दिली असेल तर उन्हाळ्यात एक पायरी घट्ट चालेल. दोन पायऱ्या नको. आणि आवाज नवा असेल, ऑईलचा दिवा लागत असेल, तर ऑईल बदलण्याआधी मिस्त्रीकडून प्रेशर तपासून घ्या.

ट्रॅक्टरची बादली पिकअपला चालते का?

घरी ट्रॅक्टर आणि पिकअप दोन्ही असले की एकच मोठी बादली आणायचा मोह होतो. बादलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. गिअर, हायड्रोलिक किंवा ओल्या ब्रेकसाठी असलेलं ऑईल इंजिनमध्ये चालत नाही, ते कधीच टाकू नका. ट्रॅक्टरचं इंजिन ऑईल असेल आणि त्याचा ग्रेड व एपीआय दर्जा पिकअपच्या बुकाशी जुळत असेल तरच वापरा. मोटरसायकलचं ऑईलही पिकअपला नको, ते वेगळ्या कामासाठी बनवलेलं असतं.

किती किलोमीटरला बदलायचं?

बुकात दिलेला आकडा साधारण चांगल्या रस्त्यावरच्या, नेहमीच्या वापराचा असतो. त्याच बुकात पुढं कठीण वापरासाठी कमी अंतर सांगितलेलं असतं. धूळ, जड माल, कमी अंतराच्या फेऱ्या, इंजिन चालू ठेवून उभं राहणं म्हणजे कठीण वापर. आपली प्रत्येक पिकअप यातच बसते. बुकात कठीण वापराचा वेगळा आकडा नसेल तर दिलेल्या अंतराच्या अर्ध्यावर ऑईल बदलणं शहाणपणाचं.

आणखी एक हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मीटर चाकं मोजतं, इंजिन मोजत नाही. बाजार समितीच्या रांगेत गाडी चालू ठेवून सरकत राहिलो, किंवा वावरात कट्टे भरेपर्यंत इंजिन चालूच ठेवलं, तर मीटर हलत नाही पण ऑईल वापरलं जातं. एक तास उभी चालू गाडी म्हणजे इंजिनसाठी साधारण ४० ते ५० किलोमीटर, असा ढोबळ हिशेब धरला जातो. रोज दोन तास असे गेले तर महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर न दिसता होतात. मीटर बंद असलेल्यांनी तर तारखेवरच जावं. आणि गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑईल बदलाच.

नवीन टाकलेलं ऑईल दोन दिवसांत काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनमध्ये काजळी तयार होते आणि ती धरून ठेवणं हेच ऑईलचं काम आहे. काळं झालं म्हणजे ते काम करतंय.

एअर फिल्टर : धुळीचा फाटक

आता मुद्द्याचं. अडीच लिटरचं डिझेल इंजिन २ हजार आरपीएमवर चालताना मिनिटाला सुमारे अडीच हजार लिटर हवा ओढतं. टर्बो असेल तर त्याहून जास्त. पांदण रस्त्यावर पुढं ट्रॅक्टर चाललेला असेल, किंवा थ्रेशरच्या बाजूला कुटार उडत असेल, तेव्हा ही सगळी हवा धुळीची असते. मातीत वाळूचे बारीक, कडक कण असतात. डोळ्याला न दिसणारा कण रिंग आणि सिलिंडरच्या मधे गेला की पॉलिश पेपरसारखा घासतो. ऑईल फिल्टर ऑईलमधलेच कण अडवतो, आणि त्यातले अगदी बारीक त्यातूनही निसटतात. म्हणून धूळ आत जायच्या आधीच अडवली पाहिजे.

आपल्याकडं एअर फिल्टरचं काय होतं? पंक्चरच्या दुकानात थांबलो, हवेच्या पाईपानं जोरात फुंकर मारली, परत बसवला. या फुंकरीत कागदाला बारीक भोकं पडतात. वरून फिल्टर स्वच्छ दिसतो आणि आतून धूळ सरळ जाते. म्हणून एवढं पाळा :

फुंकायचाच असेल तर कमी दाबानं, आतून बाहेरच्या दिशेनं आणि पाईप लांब धरून. कागदी फिल्टर पाण्यानं धुवू नका, ऑईलही लावू नका.

फुंकल्यावर अंधारात आत मोबाईलची टॉर्च धरा. प्रकाशाचा एक जरी बारीक ठिपका बाहेर दिसला तरी फिल्टर बाद. कुठंच उजेड झिरपत नसेल तर तो चोक झालाय, तोही बाद.

डब्याच्या आतली धूळ ओल्या फडक्यानं पुसा, फुंकू नका. रबरी किनार नीट बसली का, क्लिपा घट्ट आहेत का ते बघा.

डब्यापासून टर्बोपर्यंत जाणारा रबरी पाईप बोटानं दाबून बघा. जुन्या गाडीत तो तडकतो. आतल्या बाजूला धुळीची रेघ दिसली तर फिल्टर नवा असूनही धूळ जात आहे असं समजा. पाईप लगेच बदला, तो इंजिनपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

विनाकारण रोज उघडायचाही नाही. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ आत पडते. हंगामात दर आठ-पंधरा दिवसांनी बघणं पुरे. थ्रेशरजवळ गाडी लावताना वाऱ्याच्या उलट बाजूला लावा, म्हणजे कुटार बोनेटवर येणार नाही. याला पैसा लागत नाही.

ऑईल फिल्टर

ऑईल बदललं आणि फिल्टर जुनाच ठेवला, हे नुकसानीचं काम. जुन्या फिल्टरमध्ये घाण ऑईल राहतं आणि नव्यात मिसळतं. दुसरी गोष्ट, फिल्टर पूर्ण चोक झाला तरी इंजिन बंद पडत नाही आणि दिवाही लागत नाही. इंजिन कोरडं पडू नये म्हणून एक व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल न गाळताच पुढं जातं. गाडी चालत राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही.

बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सगळं ऑईल रस्त्यावर जातं. नव्या रिंगेला बोटानं ऑईल लावा, फिल्टर हातानं टेकेपर्यंत फिरवा आणि मग साधारण पाऊण फेरा. पान्यानं आवळायची गरज नाही. फिल्टर सरळ उभा बसत असेल तर त्यात आधीच ऑईल भरा, म्हणजे पहिल्या स्टार्टला इंजिन कोरडं फिरत नाही.

डिझेल फिल्टर

पावसाळ्यानंतर याच्याकडं बघायलाच पाहिजे. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतला ओलावा पाणी होऊन तळाशी बसतो. कॅनमध्ये आणून ठेवलेल्या डिझेलात धूळ आणि पाणी दोन्ही असतं. फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो. तो उघडून स्वच्छ बाटलीत थोडं डिझेल घ्या. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. सीआरडीआय गाडीत हे पाणी पंप आणि नोझल खातं, आणि तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या मानानं जड जातो. फिल्टर बदलल्यावर हँड पंपानं हवा काढायला विसरू नका.

नकली माल कसा ओळखायचा?

नावाजलेल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भलतंच ऑईल भरून विकायचा धंदा देशभर चालतो. ऑईल ओळखीच्या किंवा अधिकृत दुकानातून आणि पक्क्या बिलावरच घ्या. झाकणाची रिंग आणि आतलं सील शाबूत आहे का बघा. डब्यावर बॅच नंबर आणि तारीख छापलेली आहे का, खोडलेली तर नाही ना, तेही बघा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका.

फिल्टरमध्ये नकली जास्त. असली फिल्टरला कागदाच्या घड्या दाट आणि सारख्या असतात, पत्रा जाड असतो, रबर मऊ असतं. पार्ट नंबर लिहून नेलेल्या कागदाशी जुळवा. आणि ऑईल स्वतःसमोर टाकून घ्या. रिकाम्या डब्याला लगेच खिळ्यानं भोक पाडा. आपला डबा भंगारातून परत कोणाच्या तरी गाडीत नकली ऑईल घेऊन जायला नको.

पट्टी आणि धूर बघा, गाडी बोलते

सकाळी गाडी सपाट जागेवर असताना, स्टार्ट करण्याआधी पट्टी काढा. पुसा, परत घाला, मग बघा. ऑईल दोन खुणांच्या मधे पाहिजे. वरच्या खुणेच्या वर भरू नका, फेस होतो आणि गळती वाढते.

ऑईल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. हेड गॅस्केट किंवा ऑईल कूलर तपासा, गाडी पुढं चालवू नका. पातळी न टाकता वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर नोझल किंवा पंपातून डिझेल खाली उतरतंय. असं पातळ झालेलं ऑईल बेअरिंग खातं.

धूर निळा असेल तर ऑईल जळतंय. काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल. तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर कूलंट आत जात असेल. ऑईल भरायचं झाकण चालू गाडीवर सैल केल्यावर धूर फसफसून आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा गेल्या. त्याला कोणतंच ऑईल दुरुस्त करणार नाही. किती टॉप-अप लागतंय ते वहीत लिहा. दर हजार किलोमीटरला आकडा वाढत चालला असेल तर इंजिनचं काम हंगामानंतर स्वतःच्या तारखेला काढा. भर हंगामात रस्त्यात काढावं लागू नये.

माल वाहतुकीची गाडी ८ वर्षांपेक्षा जुनी असेल तर फिटनेस दरवर्षी करावं लागतं, आणि पीयूसीत धूर मोजला जातो. एमएच-३७ च्या गाड्या घेऊन जाणाऱ्यांनी आधी एअर आणि डिझेल फिल्टर बघून घ्यावेत. बऱ्याचदा काळ्या धुराचं कारण तिथंच सापडतं.

जळकं ऑईल कुठं टाकायचं?

काढलेलं ऑईल नाल्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. काही जण ते जनावराच्या खरजेला लावतात. त्यात इंजिनच्या झिजेचे धातू असतात आणि जनावर ते चाटतं, म्हणून तेही नको. कायद्यानं हा घातक कचरा आहे. झाकणाच्या डब्यात साठवा आणि अधिकृत गोळा करणाऱ्याला माल देणाऱ्या गॅरेजला द्या.

पैसे मोजकेच असतील तर

हाती पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा. पहिला एअर फिल्टर आणि त्याचा रबरी पाईप. दुसरं बुकातल्या ग्रेडचं ऑईल आणि सोबत ऑईल फिल्टर. तिसरा डिझेल फिल्टर. इंजिन फ्लश, घट्ट करायचं औषध, ताकद वाढवायची बाटली, यातलं काहीच घेतलं नाही तरी चालतं. आत खूप गाळ साचलेली गाडी असेल तर ऑईल पहिल्या वेळी लवकर बदला, थोडं चालवून परत बदला. गाळ हळूहळू निघतो आणि जाळी एकदम चोक होत नाही.

हंगाम सुरू झाला की गॅरेजवरही रांग असते आणि मिस्त्रीला वेळ नसतो. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, लिंबू बांधतो. त्याच्या आठ दिवस आधी एक दिवस काढा, तिन्ही फिल्टर आणि ऑईल करून घ्या, आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला पेननं तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.